ऑटोमॅटिक सात-सीटर: डी किंवा आर टाकला की इंजिन बंद. गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय तपासावं?

मुक्ता_इंदूर
सगळी माहिती एकदमच देते, म्हणजे "कोणती गाडी, किती चालली" यात पहिली दहा उत्तरं जाणार नाहीत.

सात-सीटर, १.५ लिटर पेट्रोल, टॉर्क कन्व्हर्टरवाला (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा) ४-स्पीड ऑटोमॅटिक, चावीने स्टार्ट होणारी. ९२,००० किमी. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा "तरी सांगत होतो ती घेऊ नका" वर घसरेल.

पी (पार्क) आणि एन (न्यूट्रल) मध्ये स्लो, म्हणजे रेस न देता, ७५० आरपीएमवर स्थिर. ब्रेक दाबून आर (रिव्हर्स) किंवा डी (ड्राइव्ह) टाकला की आरपीएमचा काटा थरथरत खाली येतो, ४०० च्या आसपास जरा धडपडतो आणि इंजिन बंद. कधीकधी तगतं. गाडी एकदा निघाली की पिकअप, गिअर बदलणं सगळं व्यवस्थित. बडा गणपतीच्या सिग्नलला थांबलं की परत तेच. इंजिन थंड असो की गरम, फरक नाही. एसी चालू असला तर लवकर बंद पडते. चेक लाइट नाही. ब्रेक हल्ली जरा जड लागतो, पण पॅड जुने झालेत म्हणून असेल.

देवास नाक्याकडच्या एका गॅरेजचं म्हणणं, "लॉकअप चिकटलं, कन्व्हर्टर बदला." म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवणं आलं. त्याआधी घरी काय तपासता येईल? साधा ब्लूटूथ स्कॅनर आहे.

रामबागकर
वाचतोय. असे प्रश्न विचारले तर फोरम सोन्याचा होईल.

तेलकट_हात
ताई, एवढ्यावरून गिअरबॉक्स उतरवू देऊ नका.

डी टाकल्यावर ब्रेकने चाकं अडवलेली असतात, त्यामुळे कन्व्हर्टरचं टर्बाइन थांबतं आणि इंजिन त्यातलं तेल घुसळत राहतं. इंजिनवर तेवढाच भार येतो. धडधाकट इंजिनाचे आरपीएम क्षणभर ५० ते १०० ने पडतात, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) थ्रॉटल (हवेची झडप) किंचित उघडतो आणि काटा जागेवर येतो. तुमचं इंजिन एवढंही सोसत नाही. त्याचे दोनच अर्थ होतात. एक, भार नेहमीइतकाच आहे आणि इंजिन कमजोर आहे. दोन, इंजिन ठीक आहे पण भार राक्षसी आहे, म्हणजे लॉकअप क्लच सुटतच नाही आणि इंजिन थेट चाकांना जखडलं जातं.

काट्यावरून बरंच कळतं. लॉकअप चिकटलं असेल तर मॅन्युअल गाडीत क्लच न दाबता गिअर टाकल्यासारखा दणका बसतो, गाडी अंगावर येते आणि काटा सरळ शून्यावर जातो. थांबताना शेवटच्या १५-२० किमी वेगाला गाडी हिसके देते. तुम्ही लिहिलंय "थरथरत खाली, ४०० ला धडपड". ही कमजोर इंजिनाची चाल आहे. हवा, पेट्रोल, ठिणगी, या क्रमाने बघा.

पाना_पक्कड
तेलकटराव, गॅरेजवाल्याला इतक्या लवकर खोटं पाडू नका. ९२,००० वर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) कधी बदललंय का? तेल जळलं की व्हॉल्व्ह बॉडीत (गिअरबॉक्समधल्या तेलाच्या झडपांच्या भागात) गाळ बसतो, लॉकअपचा व्हॉल्व्ह अर्धवट अडकतो. पूर्ण लॉक नाही, अर्धा ओढ. तेव्हा काटा असाच थरथरत पडतो.

तेलकट_हात
मान्य, अर्धवट ओढ असू शकते. पण आर मध्येही बंद पडतेय ना? बहुतेक ४-स्पीड बॉक्समध्ये लॉकअपला तेलाचा दाब फक्त पुढच्या वरच्या गिअरांत मिळतो, रिव्हर्समध्ये तो रस्ताच बंद असतो. दोन्हीकडे सारखंच बंद पडणं हे गिअरबॉक्सच्या बाजूने नाही, विरोधात जाणारं साक्षीदार आहे.

पाना_पक्कड
"बहुतेक" म्हणालात म्हणून सोडतो. तरी ज्याला खात्री करायची त्याच्यासाठी: गिअरबॉक्सवरचं सोलेनॉइडचं (विजेवर चालणाऱ्या झडपेचं) कनेक्टर चावी बंद असताना काढा. आता टीसीएमला (गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला) लॉकअप लावताच येत नाही. गाडी लिंप मोडमध्ये (बिघाड दिसल्यावर जपून चालायच्या अवस्थेत) जाईल, लाइट लागेल, हरकत नाही. उभ्या जागी डी टाका. आता बंद पडली नाही तर आदेश किंवा वायरिंगमध्ये घोळ. तरीही पडली तर एकतर व्हॉल्व्ह खरोखर अडकलाय, नाहीतर दोष गिअरबॉक्समध्ये नाहीच. कनेक्टर काढलंच आहे तर सोलेनॉइड मोजून घ्या. ऑन-ऑफ जातीचं बहुधा ११ ते १५ ओहम दाखवतं, लिनिअर जातीचं ५ च्या आसपास. नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलचा घ्यायचा.

तेलाची पातळी डिपस्टिक असेल तर इंजिन गरम आणि चालू, लिव्हर सगळ्या जागांवरून एकदा फिरवून पी मध्ये आणून बघायची. बहुतेक गाड्यांत इंजिन बंद ठेवून बघितलेली पातळी चुकीची येते, नेमकी पद्धत तुमच्या मॅन्युअलची घ्यायची. तेल काळं आणि करपट वासाचं असेल तर ती वेगळी चिंता, या प्रश्नाशी तिचा संबंध असेलच असं नाही.

भिया_बोलो
एवढी डोकेफोड कशाला? बॅटरीची निगेटिव्ह वायर अर्धा तास काढा, ईसीयू रिसेट, गाडी नवी. 😀

वायरमन
@भिया_बोलो, नका हो. बॅटरी काढली की फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा), पेंडिंग कोड, फ्रीझ फ्रेम (बिघाडाच्या क्षणाचे आकडे) सगळं पुसलं जातं. चोरी झालेल्या घरात पोलिस यायच्या आधी झाडू मारल्यासारखं आहे ते. वर शिकलेला स्लोही जातो, मग मूळ बिघाड राहतो बाजूला आणि "रिसेटनंतर जास्तच बिघडली" असा नवा धागा निघतो.

ताई, स्कॅनरवर हे आकडे बघा:

चावी ऑन, इंजिन बंद असताना मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गातला दाब मोजणारा). तो तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, म्हणजे ९५ किलोपास्कलच्या जवळ हवा. १०१ दाखवत असेल तर सेन्सरवरच संशय घ्या. इंजिन गरम, स्लोवर, एसी बंद: ३० ते ३८ च्या दरम्यान. मेकॅनिककडे व्हॅक्यूम गेज असेल तर पुस्तकातले १७ ते २१ इंच इथे १५ ते १९ समजायचे, दर हजार फुटांना एक इंच कमी होतो. मुंबईच्या आकड्यांवर इंदूरच्या इंजिनाला आजारी ठरवणारे पुष्कळ.

शॉर्ट आणि लाँग टर्म ट्रिम. दोन्हींची बेरीज ±१० टक्क्यांच्या आत हवी. स्लोवर +२० आणि २५०० आरपीएमला शून्याकडे येत असेल तर कुठून तरी चोरटी हवा शिरतेय. उलट, रेस वाढली की ट्रिमही वाढत असेल तर पेट्रोल कमी पोचतंय: पंप, फिल्टर, प्रेशर. पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांत रेलचं प्रेशर साधारण ३ ते ४ बार.

शेवटचं, स्कॅनरवर गिअरची जागा. लिव्हर डी मध्ये आणि स्कॅनर अजून एन दाखवतोय असं होत असेल तर रेंज स्विच (लिव्हर कुठे आहे ते ईसीयूला सांगणारा) सरकलाय. ईसीयूला भार आल्याचं उशिरा कळतं, तो थ्रॉटल उघडत नाही. हा स्विच फार कमी लोक बघतात.

ईकोवाला
माझ्या ईकोलाही पहिला टाकला की हेच होतं, क्लच पूर्ण दाबलेला असूनही! हेच सगळं बघू का?

तेलकट_हात
@ईकोवाला, तुमचं दुखणं अगदी वेगळं. मॅन्युअलमध्ये क्लच दाबलेला असताना इंजिन बंद पडतं म्हणजे क्लच सुटत नाही. रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज येतो का? येत असेल तर खात्रीच. आधी केबल बघा. ओम्नी, ईकोच्या घराण्यात क्लच केबलनेच ओढला जातो. रिलीज आर्मवर थोडी मोकळीक लागते, सुझुकीच्या जुन्या केबल-क्लचमध्ये ती साधारण २ ते ४ मिमी. त्याहून फार जास्त असेल तर पेडल पूर्ण दाबूनही प्लेट सुटत नाही. नटाने घट्ट करा, पण सगळी मोकळीक संपवू नका. बेअरिंग सतत टेकून राहील आणि लवकर जाईल. केबलच्या टोकाला तारा तुटून कुंचा झाला असेल तर केबलच बदला. पावसाळ्यात महिनाभर उभी राहिलेल्या गाडीत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, ते वेगळं.

रामबागकर
ओम्नी १९८४ साली "मारुती व्हॅन" म्हणून आली, २०१९ ला बंद झाली. क्लच केबल शेवटपर्यंत तीच. रामबागच्या गल्लीत अजून चार उभ्या दिसतील.

भिया_बोलो
चारपैकी दोन चालू असतात, दोनांत कबुतरं.

मालवी_मिसळ
एएमटीवाल्यांसाठी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण यंत्राने चालवलेला) एक ओळ. ट्रायबरसारख्या एएमटी सात-सीटरमध्ये कन्व्हर्टर नसतो, साधा क्लच ॲक्चुएटरने दाबला जातो. तिथे डी टाकल्यावर बंद पडली तर क्लचचा टेकण्याचा बिंदू सरकलेला असतो, तो निदान-यंत्र लावून परत शिकवावा लागतो. या धाग्यातलं कन्व्हर्टरचं ज्ञान तिथे लावू नका.

सीएनजी_भक्त
गाडीत बाहेरून बसवलेला सीएनजी किट आहे का? कोणी विचारलंच नाही.

मुक्ता_इंदूर
नाही, शुद्ध पेट्रोल. पण लिहा, बाकीच्यांना उपयोगी पडेल.

सीएनजी_भक्त
मग थोडक्यात. आधी पेट्रोलवर टाकून बघा. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर बंद, तर रिड्युसरचं (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाचं) प्रेशर, गॅस इंजेक्टर किंवा ट्यूनिंग. दोन्हींवर बंद, तर मॅनिफोल्डला भोकं पाडून बसवलेल्या नोझलांच्या रबरी नळ्या बघा, त्या सैल होऊन हवा ओढतात. रिड्युसरपासून मॅनिफोल्डला जाणारी बारीक व्हॅक्यूम नळी काढून वास घ्या. गॅसचा वास आला तर आतला डायफ्राम (रबरी पडदा) फाटलाय. मग गॅस वापरू नका, लगेच दाखवा.

वायरमन
पर्ज व्हॉल्व्ह राहिला. तो उघडा अडकला तर पेट्रोल टाकीतली वाफ स्लोवरही मॅनिफोल्डमध्ये येत राहते. टाकी फुल केल्यानंतर जास्त त्रास, ही त्याची खूण. थंड इंजिन सुरू करून कॅनिस्टरकडून (वाफ साठवणाऱ्या डब्याकडून) येणारी नळी पर्ज व्हॉल्व्हवरून काढा, व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवा. ओढ लागली तर व्हॉल्व्ह बाद.

पाना_पक्कड
आणि इंजिन माउंटिंग. डी टाकला की इंजिन एकीकडे कलतं, आर टाकला की दुसरीकडे. माउंट फुटलेला असेल तर हा झोल दोन-तीन इंच होतो आणि एअर पाइपच्या घडीतली चीर उघडते, किंवा अर्थची वायर ताणली जाते. फक्त एकाच दिशेला बंद पडणारी गाडी दिसली की आधी बॉनेट उघडून कुणालातरी गिअर टाकायला सांगा आणि बाजूला उभं राहून बघा. समोर नाही, बाजूला.

ताईंची दोन्हीकडे बंद पडतेय, म्हणून हे जरा मागे.

थ्रॉटल_तात्या
सगळे इतके खोलात गेलात, पण थ्रॉटल बॉडी साफ आहे का? ९०,००० ला बटरफ्लायच्या कडेला काळी राप बसतेच. राप बसली की स्लोची हवा घटते, ईसीयू भरपाई करत करत मर्यादेला पोचतो आणि भार आला की हात वर करतो. फडक्यावर थ्रॉटल क्लीनर घेऊन पुसा. कार्ब क्लीनर नको. चावी ऑन असताना इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचं पातं बोटाने ढकलू नका, मोटरचे गिअर प्लास्टिकचे असतात. साफ केल्यावर इंजिन गरम करून एसी-दिवे बंद ठेवून दहा मिनिटं स्लोवर राहू द्या.

नाना_स्नेहनगर
सगळ्यांचं वाचलं. चांगलं चाललंय, पण पहिल्या पोस्टमधली एक ओळ तुम्ही सगळ्यांनी ओलांडली: "ब्रेक हल्ली जरा जड लागतो, पॅड जुने झालेत म्हणून असेल."

पॅड झिजल्याने पेडल जड होत नाही. पेडल जड होतं ते बूस्टरला (ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या डब्याला) इंजिनचा व्हॅक्यूम मिळत नाही किंवा बूस्टर तो धरून ठेवत नाही तेव्हा. आणि या गाडीत ब्रेक दाबल्याशिवाय पी मधून लिव्हर हलतच नाही. म्हणजे मुक्ताताई ज्याला "गिअर टाकल्यावर" म्हणतायत ते खरं तर "ब्रेक दाबल्यावर आणि गिअर टाकल्यावर" आहे. सिग्नललाही पाय ब्रेकवरच असतो.

आतली रचना अशी. बूस्टरमध्ये एक मोठा डायफ्राम असतो. ब्रेक दाबलेला नसताना त्याच्या दोन्ही बाजूंना मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम असतो, त्यामुळे डायफ्राम फाटलेला असला तरी गळतीला कारण नसतं, स्लो झकास. पेडल दाबलं की मागच्या बाजूला बाहेरची हवा सोडली जाते. डायफ्राम फाटका असेल तर ती हवा भोकातून पुढच्या बाजूला, तिथून नळीने थेट मॅनिफोल्डमध्ये. एअर मास सेन्सरवाल्या गाडीत ही हवा मोजलीच गेलेली नसते. मिश्रण पातळ, इंजिन लुळं, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही डी टाकून भार देता.

तीन परीक्षा, एक पैसा न खर्चता:

पहिली. इंजिन बंद. पेडल चार-पाच वेळा दाबा, दगडासारखं होऊ द्या. दाबून ठेवूनच स्टार्ट करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टर किंवा नळीतला एकतर्फी व्हॉल्व्ह गेला.

दुसरी. पी मध्येच स्लोवर ठेवा, लिव्हरला हात लावू नका. ब्रेक जोरात दाबा आणि काट्यावर, शॉर्ट टर्म ट्रिमवर नजर ठेवा. पायाजवळ सूं आवाज येतो का ऐका.

तिसरी, सपाट मोकळ्या जागेत, हँडब्रेक पूर्ण वर, चाकांना पुढून-मागून ठोकळे, आजूबाजूला कोणी नाही. एन मधून डी टाका, ब्रेकला पाय न लावता. बऱ्याच गाड्यांत एन ते डी ला ब्रेक लागत नाही. पाय ब्रेकच्या वर तयार ठेवा, गाडी सरकली तर दाबा.

तेलकट_हात
नाना, साष्टांग. मीच "हवा, पेट्रोल, ठिणगी" लिहिलं आणि हवेचं सगळ्यात मोठं भोक पायाखाली राहिलं.

भिया_बोलो
नानांना सराफ्यात एक भुट्ट्याचा कीस माझ्याकडून.

पाना_पक्कड
मी अजून लॉकअपवरच आहे. आकडे येऊ देत.

मुक्ता_इंदूर
आले आकडे.

मॅप: चावी ऑन ९५. स्लोवर ३४. एअर मास सेकंदाला १.९ ग्रॅम. ट्रिम: शॉर्ट +२, लाँग +३. गिअरची जागा स्कॅनरवर लिव्हरसोबतच बदलते.

नानांची पहिली परीक्षा: पेडल खाली गेलं नाही.

दुसरी: पी मध्येच, फक्त ब्रेक दाबला. मॅप ३४ वरून ४९, शॉर्ट टर्म ट्रिम +२५ ला जाऊन अडकली, आरपीएम ७५० वरून ५०० च्या खाली. पेडल सोडलं की पुन्हा सगळं जागेवर. सूं आवाज स्पष्ट, पायाच्या जाळीपाशी.

तिसरी: ब्रेकशिवाय एन ते डी. काटा थोडा खाली जाऊन परत वर. बंद पडली नाही.

पाना_पक्कड
मग लॉकअपचं प्रकरण बंद. पेडल न दाबता डी मध्ये तगतेय म्हणजे कन्व्हर्टर सुटतोय.

वायरमन
+२५ ला ट्रिम अडकूनही चेक लाइट का नाही, हा प्रश्न कुणाला पडला असेल तर: ती फक्त पेडल दाबलेलं असतानाच चढते. लीनचा (पातळ मिश्रणाचा) कोड यायला ती बराच वेळ आणि बहुधा एकाहून जास्त फेऱ्यांत तशीच राहावी लागते. इथे तर इंजिन त्याआधीच बंद पडतंय. लाइट नाही म्हणजे बिघाड नाही, असं नसतं.

नाना_स्नेहनगर
शेवटची खात्री करून घ्या, म्हणजे बूस्टर घेताना शंका नको. इंजिन बंद करून बूस्टरला येणारी व्हॅक्यूम नळी बूस्टरवरून काढा, तिच्या तोंडात बरोबर मापाचा बोल्ट घालून क्लिप आवळा. स्टार्ट करून पी मध्ये ब्रेक दाबा. आता काटा हलला नाही तर बूस्टरच. या अवस्थेत गाडी अजिबात चालवायची नाही, ब्रेकला मदत शून्य असते. परीक्षा झाली की नळी परत लावा.

आणि तोवरही ही गाडी भेरूघाटात वगैरे न्यायची नाही. आज इंजिन बंद पडतंय, उद्या उतारावर पेडल दाबायला दोन पाय लागतील.

मुक्ता_इंदूर
नळी बंद करून केलं. ७५० वर काटा ढिम्म. बूस्टर. छोटी ग्वालटोलीत चौकशी करते. जुना, भंगारातला घेऊ का? खूप स्वस्त सांगतात.

तेलकट_हात
भंगारातला बूस्टर नको. त्यातलं रबर किती वर्षांचं, ते दिसत नाही. नवाच घ्या. सोबत नळीतला एकतर्फी व्हॉल्व्ह आणि त्याचं रबरी बूचही. तोंडाने फुंकून बघा: बूस्टरकडून इंजिनाकडे हवा जायला हवी, उलट नाही.

नाना_स्नेहनगर
बसवताना दोन गोष्टी मेकॅनिकसमोर उभं राहून करवून घ्या.

मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेक ऑइलला देणारा) बूस्टरवरून दोन नट काढून पुढे सरकवला की बूस्टरचं तोंड बघा. तिथे ओल, सुटलेला रंग किंवा ब्रेक ऑइल असेल तर मास्टर सिलिंडरचं मागचं सील गळतंय. ब्रेक ऑइलने डायफ्रामचं रबर फुगतं आणि फाटतं. म्हणजे नुसता बूस्टर बदलला तर नवाही तसाच जाईल, मास्टर सिलिंडरही लागेल. टाकीतलं ब्रेक ऑइल विनाकारण कमी होत असल्याचं आठवतंय का, तेही सांगा. ओल नसेल तर पाइप न उघडताही काम होतं, फक्त पाइप वाकू देऊ नका.

दुसरं, पुशरॉडची (बूस्टरमधून मास्टर सिलिंडरला ढकलणाऱ्या दांड्याची) लांबी. जुन्या बूस्टरचा रॉड तोंडापासून किती बाहेर आहे ते डेप्थ गेजने मोजून नव्याचा तेवढाच ठेवायचा. लांब राहिला तर मास्टर सिलिंडर पूर्ण मागे येत नाही, ब्रेक हळूहळू धरून बसतात आणि चाकं तापतात. आखूड राहिला तर पेडलचा पहिला भाग पोकळ जातो. बसवल्यावर पाच-सात किलोमीटर चालवून चारही चाकांच्या डिस्क-ड्रमजवळ हात नेऊन उष्णता बघायची, हात टेकवायचा नाही.

मुक्ता_इंदूर
टाकीतलं ऑइल मिनिमम रेषेच्या जवळ आहे, मध्ये एकदा भरलंही होतं. म्हणजे मास्टर सिलिंडरचीही किंमत विचारून येते.

ईकोवाला
माझी केबल काढली. टोकाला कुंचाच झालाय. घट्ट करायचा नटही शेवटच्या आट्यावर होता.

तेलकट_हात
@ईकोवाला, नवी केबल घाला, नट मधल्या आट्यांपासून सुरू करा. नवी घालूनही मोकळीक जुळवायला शेवटच्या आट्यापर्यंत जावं लागलं तर क्लच उघडून बघायची वेळ आली.